तिलवाऱ्याचा हेर

नीलकंठ देवपुजारीला पक्ष्यांतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. तरी तो पक्षीमंडळात होता. मंडळाचे प्रमुख भय्यासाहेब हे तोफांच्या फॅक्टरीत त्याचे साहेब. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर त्याच्या तोंडून निघून गेलं, "पाखरांचा मला लहानपणापासून नाद!" नाद होता तो पाखरांच्या रश्श्याचा, पण ते सांगायची वेळ टळून गेली.

त्यातून त्याला लांबचं नीट दिसत नसे, आणि चष्म्यानं माणूस म्हातारा दिसतो हे त्याचं ठाम मत. मंडळी झाडाकडे बोट दाखवत, तेव्हा तो मान डोलवून म्हणे, "वा, काय रंग आहे!" एकदा त्यानं काळ्याकुट्ट कोकिळाचाही रंग वाखाणला होता.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. फॅक्टरी दिवसरात्र धडधडू लागली, संध्याकाळ झाली की ब्लॅकआउटमुळे सदरपासून कमानिया गेटपर्यंत सगळं शहर अंधारात. एका रविवारी भय्यासाहेब म्हणाले, "चलो, तिलवाऱ्याला जाऊन येऊ. पाखरांना कुठे लढाई माहीत आहे?"

पाखरांना नव्हती, पण गावकऱ्यांना होती.

नर्मदेकाठी चौघं उतरले: भय्यासाहेब, शाळेत शिकवणाऱ्या लतिकाताई, रेल्वेतला गुणवंत आणि नीलकंठ. साहेबांनी कौतुकानं दुर्बीण नीलकंठच्या गळ्यात घातली. त्याला तिच्यातून नुसतं धुकं दिसत होतं, तरी त्यानं ती मोठ्या रुबाबात नदीवरच्या पुलाकडे रोखली.

बघता बघता लाठ्या घेतलेली माणसं भोवती जमली. पुढे एक मिशाळ म्हातारा.

"पुल काहे देख रहे हो? जासूस हो?"

"नहीं दादा, चिड़िया देखते हैं," भय्यासाहेब म्हणाले.

"लड़ाई में चिड़िया?" म्हाताऱ्यानं लाठी थेट नीलकंठच्या छातीकडे वळवली. "ए दूरबीनवाले, तू बता. वो तार पर कौन बैठा है? और कोई नहीं बोलेगा!"

नीलकंठनं डोळे किलकिले केले. तारेवर त्याला एक मळकट बोळा दिसला.

"मैना," तो म्हणाला.

तेवढ्यात बोळ्यानं पंख उघडले आणि आकाशात निळाईची झळाळी उठली. ती त्यालाही दिसली.

"अरे, नीलकंठ है!" जमाव ओरडला. "दसहरे पे बच्चा-बच्चा दर्शन करता है!"

"नाम क्या है तेरा?" म्हाताऱ्यानं दरडावलं.

खोटं बोलावं, तर खिशात फॅक्टरीचा पास. तो खाली पाहत पुटपुटला, "नीलकंठ."

मग नदीकाठ हसण्यानं दणाणला. म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "जाने दो भैया. दुश्मन ऐसा निकम्मा आदमी थोड़े भेजेगा!"

चौघांची सुटका झाली, वर चहाही मिळाला. नीलकंठनं कप तसाच खाली ठेवला. हेर म्हणून मार बसला असता, तर निदान इज्जतीनं तरी बसला असता!

परतताना बसमध्ये भय्यासाहेब हळूच म्हणाले, "तुला दिसत नाही का रे?"

"नाही साहेब. अन् कळतही नाही."

"मग येऊन काहून राहिला?"

"आधी तुमच्यासाठी येत होतो," नीलकंठ म्हणाला. "आता... आठवडाभर कानात घण वाजून राहतात. इथं सगळे गप्प असतात, बरं वाटते."

पुढच्या सीटवरून लतिकाताई म्हणाल्या, "मला अन् गुणवंतला पहिल्याच दिवशी समजलं होतं, भाऊ. पण घरून विनतावहिनी तुमच्यासोबत चिवडा फार छान पाठवतात."

रागवावं की काय करावं, हे नीलकंठला ठरवता येईना. शेवटी हसूच फुटलं.

लढाई संपल्यावर मंडळी पुन्हा निघाली, तेव्हा तो सगळ्यांच्या आधी हजर होता. काठावर गुणवंतनं "तिकडे" म्हणताच यावेळी तो सरळ म्हणाला, "मला नाही दिसत. दाखवा."

गुणवंतनं दुर्बिणीवरचं चाक हळूहळू फिरवून दिलं. वाळूवरच्या धूसर ठिपक्याला आधी पाय फुटले, मग चोच.

"अरे," नीलकंठ ओरडला, "याला तर डोळाही आहे!"

टिटवी अर्थातच उडून गेली.