डिंकाताईचे शेजारी

प्रयोगशाळेत तिला सगळे डिंकाताई म्हणत, आणि तिचीही त्याला हरकत नव्हती. काम डिंकाचंच होतं. आपल्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाची इवलीशी वीजघरं असतात आणि त्यांच्यात प्रथिनांची ही गर्दी. कोण कोणाला खेटून उभं आहे, हे डोळ्यांना दिसायची सोय नाही. म्हणून त्या गर्दीत दोन हातांचा एक रेणू सोडायचा. तो एका हाताने एकाला धरतो, दुसऱ्या हाताने शेजारच्याला, आणि मग काही केल्या सोडत नाही. नंतर सगळ्यांचे बारीक तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या अतिनाजूक तराजूवर तोलायचे. जोडीने चिकटलेला तुकडा वजनावरून ओळखू येतो, की शेजार सिद्ध! सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि शेजारच्या वहिनींना सांगितलं होतं, "आमची सून डिंकाच्या कारखान्यात आहे. पगार बरा आहे."

डिंकाताईचा जीव एका जोडीत अडकला होता. त्यातलं एक प्रथिन नामांकित, वीज बनवणाऱ्या यंत्रातलं. दुसऱ्याला कुत्रंही विचारत नव्हतं. ही दोघं शेजारी आहेत, असं तिचं म्हणणं. बरीच वर्षं ते फक्त तिचंच म्हणणं होतं. शेवटी सरांनी निर्वाणीचं सांगितलं, "परवा मशीनवर तुमचा नंबर आहे. या खेपेला जोडी दिसली नाही तर विषय बंद. दुसरं प्रथिन घ्या. प्रथिनांचा काय दुष्काळ पडलाय?"

तर डिंकाताईने त्याच सकाळी बर्फात हात गारठवून मायटोकॉन्ड्रिया वेगळे केले, द्रावणात सोडले, वर डिंक घातला आणि वाट बघितली. आता डिंकाला आवरायचं. त्यासाठी निराळी बाटली असते. तिच्यातलं द्रावण डिंकाचे दोन्ही हात स्वतःच धरून ठेवतं. तिने ती बाटली उचलली, तर ती अर्धी रिकामी! आणि साखर घातलेली दुसरी बाटली, जिच्यात मायटोकॉन्ड्रिया सुखाने नांदतात, ती गळ्यापर्यंत भरलेली. बाटल्यांना चूक सुधारायची संधी मिळावी म्हणून तिने पुन्हा एकदा नीट बघितलं. बाटल्या बधल्या नाहीत.

"अगं बाई!"

पलीकडच्या टेबलावरून कुलूपरावांनी मान वर केली. हे तिच्याहून वडील सहकारी. ते स्वतःच्या बर्फावरसुद्धा नाव लिहीत, म्हणून हे टोपणनाव. एकदा कुणी त्यांना वेळ विचारली, तर म्हणाले, "भिंतीवर घड्याळ आहे."

"काय फुटलं?" त्यांनी विचारलं.

"मायटोकॉन्ड्रिया."

"सगळे?"

"सगळे. डिंक थांबवायच्या द्रावणात घातले, अगदी सुरुवातीलाच. त्यात साखर नाही ना. फुगले आणि फुटले. आणि डिंक गेला फुकट."

कुलूपरावांनी यावर गंभीरपणे विचार केला. "वा! म्हणजे पाहुणे जेवायच्या आधीच भांडी घासलीत."

तिने हसायचा प्रयत्न केला आणि डोळेच भरून आले. नव्या पेशी वाढायला आठवडा लागणार, आणि नंबर परवा. ती स्टुलावर बसून राहिली. मागायचं तिच्या मनातही आलं नाही. कुलूपरावांकडे मागण्यापेक्षा भिंतीकडे मागितलेलं बरं.

थोड्या वेळाने तिच्यासमोर बर्फाचं भांडं येऊन आदळलं. त्यात एक नळी, तिच्यावर तीन ठिकाणी कुलूपरावांचं नाव.

"माझे मायटोकॉन्ड्रिया. सकाळचेच आहेत. पेशी त्याच, तुमच्याच जातीच्या."

"अहो, पण तुमचा प्रयोग?"

"माझ्या प्रयोगाची कुणी वाट बघत नाही. त्याचा तेवढा एकच गुण आहे."

"निदान अर्धे तरी ठेवा."

"अर्ध्यात तुमचं भागायचं नाही आणि उरलेल्या अर्ध्यात माझं. सगळे घ्या. बाटली मात्र मी उचलणार. तुम्ही हात मागे बांधून उभ्या राहा." मग त्यांनी बाटलीवरची चिठ्ठी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतली, दोनदा, आणि नंतरच झाकण उघडलं.

ठरल्या दिवशी मशीनने तुकडे तोलले. पडद्यावर रेघा उगवल्या. डिंकाताईने एक वजन ताडून पाहिलं, परत पाहिलं, तुकड्याची दोन्ही टोकं जुळवली. जोडी होती! नामांकित प्रथिन आणि तिचं ते बिनविचारलेलं, एकमेकांना चिकटून. सर येऊन पडद्यावर वाकले. "मला वाटतच होतं," म्हणाले. गोष्ट घडून गेली, की सरांना ती आधीपासूनच वाटत असे.

ती तडक पलीकडच्या टेबलाकडे गेली. कुलूपराव नव्या पेशींना खाद्य घालत होते. पुन्हा पहिल्यापासून.

"दिसली जोडी."

"हं."

"तुमच्यामुळे दिसली."

"पेशींमुळे."

"लेखात तुमचं नाव घालणार आहे मी."

त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "अजिबात नाही! मी देतो हे कळलं, तर उद्या इथे रांग लागेल. मग मी काय करू?"

आभाराचे जे शब्द तिने वाटेत जुळवले होते, ते सगळे तिला फार तोकडे वाटले. तिने हातमोजे चढवले, स्टूल ओढलं आणि त्यांच्या पेशींची पुढची बाटली उघडली.

कुलूपरावांनी तिच्या हातातल्या बाटलीवरची चिठ्ठी वाचून घेतली. मग स्वतःची खुर्ची जराशी सरकवली.

"डाव्या बाजूला बसा," ते म्हणाले. "उजवीकडे माझं कोपर लागतं."