तळ्याचा गाळ

कळसाडीच्या शिवारातल्या तळ्याकाठी पूर्वी एक रंगाचा कारखाना होता. हिरव्या रंगासाठी तिथे तांबं आणि सोमल हे जहाल विष वापरत, उरलेलं पाणी तळ्यात सोडत. कारखाना मोडून तीस वर्षं झाली होती. तळ्यात मासे होते, गुरं पाणी प्यायची. कुणाला कधी काही झालं नव्हतं.

एकोणसाठ सालच्या उन्हाळ्यात तळं आटत आलं. काठाला हिंमतरावाची केळी होती. गाळाचं खत होईल म्हणून त्याने उरलेलं पाणी इंजिनाने उपसलं आणि तळ खणून निघाला तेवढा गाळ वावरात पसरला; बाकीचा तळाशी उघडा राहिला. गाळ काजळासारखा काळा होता, सडक्या अंड्यांसारखी घाण मारत होता. महिनाभर वारा लागला तसा तो गंजासारखा तांबूस झाला. वासही गेला. मग पाऊस लागताच हिंमतरावाने नाल्याचं पाणी तळ्यात घेतलं.

पाणी इतकं नितळ कधीच नव्हतं. ना शेवाळ, ना बेडूक.

"दादा, आते त पाणी काचसारखं दिखी ऱ्हायनं!" गुराखी नथ्थू हिंमतरावाला म्हणाला आणि ओंजळीने पोटभर प्यायला. त्याच्या पाच म्हशीही प्यायल्या. संध्याकाळपर्यंत म्हशी काठावर आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. नथ्थू आठ दिवस ओकत राहिला, नवव्या दिवशी गेला.

धुळ्याहून एक रसायनतज्ज्ञ आला. त्याने पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या आणि पंधरवड्याने परत येऊन सांगितलं, "विष जुनंच आहे. पाण्याखाली, हवेपासून लांब, गाळाने ते आवळून धरलं होतं. हवा लागली आणि गाळाने ते सोडून दिलं."

"म्हणजे मी सोडलं," हिंमतराव म्हणाला.

 निघताना रसायनतज्ज्ञ एवढंच म्हणाला, "गाळ परत तळाशी घाला. पुन्हा उघडा पडू देऊ नका."

हिंमतरावाने वावरातला गाळ गाडीगाडीने परत नेला. तळ्याला काटेरी कुंपण घातलं. पण निर्मनुष्य काठावरून जाताना त्याला म्हशींच्या घंटा ऐकू येत. तो थांबला की त्याही थांबत.

पुढच्या वैशाखात तळं पुन्हा खाली गेलं. पाण्याखाली राहून पुन्हा काळा झालेला कडेचा गाळ दिसू लागला. हिंमतरावाने विहिरीवरचं इंजिन चालू करून पाण्याचा पाट तळ्याकडे वळवला.

त्याची बायको शांतीबाई धावत आली. "केळी वाळी ऱ्हायनी! पाणी वावरले द्या ना."

"पहिले गाळ झाकू दे," तो म्हणाला आणि पाटाच्या तोंडाशी फावडं घेऊन बसून राहिला.

त्या वर्षी केळीचा एकही घड उतरला नाही.