तिसरं मत

रंगनाथकाका आणि सुफियानचाचा येणार म्हणून गार्गीने चहाचे चार कप काढले, मग एक परत ठेवला.

बाबा गेल्यानंतरचा हा पहिलाच मताचा शुक्रवार. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम सुरू झाला की जुम्म्याच्या नमाजानंतर आखातातल्या अल हिलाल वस्तीतल्या या फ्लॅटमध्ये तिघे मित्र जमत. तिघेही एकाच गॅस प्लँटवरचे. अमेरिकन साहेबांच्या नादाने पहाटेच्या मॅच बघायला लागले आणि कायमचे बिघडले. प्रश्न दर वर्षी एकच: खेळणं सोडलेल्या, पण आज हयात असलेल्या खेळाडूंत सगळ्यांत मोठा कोण? नियम बाबांनी, म्हणजे देवीदासांनी, केलेले. त्यांनी ह्यूस्टनहून आणलेला चेंडू ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. शिफ्टमुळे जो येऊ शकला नाही त्याचं मागचं मत धरायचं. बदलायचं असेल तर त्याने दोघांपैकी एकाला स्वतः सांगायचं.

चेंडू आज गार्गीच्या मांडीवर होता.

"टाक इकडे, यल्ला, चल लवकर," सुफियानचाचा म्हणाले. चेंडू झेलून त्यांनी घसा साफ केला. "माझा इचिरो. सत्ताविसाव्या वर्षी परमुलखात गेला, तरी तीन हजारांवर हिट. खलास."

चेंडू रंगनाथकाकांकडे गेला. "कूफॅक्स. चेंडू टाकणारा तसा डावा हात पुन्हा झाला नाही."

"चांगला खेळला ती सहाच वर्षं!" चेंडू नसतानाही चाचा बोललेच. "देवीदास काय म्हणायचा? सहा वर्षं तर माणूस इथे गाडीचं लायसन्स काढण्यात घालवतो."

गार्गीला हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. "बाबांचं मत इचिरोला," ती म्हणाली. "नियमाने धरायचं. म्हणजे दोन विरुद्ध एक."

"ते गेल्या वर्षी," काका पुटपुटले.

"गेल्या वर्षीचंच धरतात ना?"

"तसं नाही ते."

"मग कसं?" चाचा पुढे सरकले. "रंग्या, हरतोयस म्हणून गेलेल्या माणसाचं मत खातोस?"

काकांचा चेहरा लाल झाला. "खातो? मी? त्याने स्वतः सांगितलंय मला! म्हणाला, रंग्या, तुझा कूफॅक्सच..."

त्यांनी एकदम जीभ चावली.

आजारी पडेपर्यंत बाबांचं मत इचिरोलाच होतं, आणि दवाखान्यात नेल्यापासून ते बोललेच नव्हते. शेवटच्या सकाळी काकांनी तिला बळेच घरी पाठवलं होतं, अंघोळ करून ये म्हणून. ती परतली तेव्हा सगळं आटोपलं होतं. डोळेसुद्धा उघडले नाहीत गं, असं काका तेव्हा म्हणाले होते. त्या एका वाक्याच्या आधाराने तिने एवढे दिवस काढले होते.

"कधी सांगितलं, काका?"

काका चेंडूच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले.

"तुम्ही म्हणालात, डोळे उघडले नाहीत."

"चेंडू माझ्याकडे आहे ना? मग मला बोलू दे. मध्ये बोलू नकोस. तू गेलीस आणि त्याला जाग आली. आधी तुझंच नाव घेतलं. मी फोन उचलला, तर म्हणाला, नको, ती गाडी हाणते. येऊ दे तिची ती. बोलता राहावा म्हणून मी खेळाचं काढलं. तर म्हणतो, सहा वर्षं म्हणून हिणवलं मी कूफॅक्सला, पण कोपर दुखत असताना, सगळ्यांच्या वर असताना, तिसाव्या वर्षी थांबला. माझं मत फिरव. मग पाणी मागितलं. मी पाणी ओतून वळलो, तर..."

"फोन करायला हवा होता तुम्ही."

"हो."

"इथून किती लांब आहे दवाखाना?"

"लांब नाही, बाळ." काकांनी मान वर केली नाही. "खरं सांगितलं असतं तर स्वतःलाच खात बसली असतीस. म्हणून तसं बोललो."

"हे तुम्ही का ठरवलंत?"



"गार्गी," चाचा हळू आवाजात म्हणाले, "याला साक्षीदार कुणी नाही. तू नको म्हणालीस तर नाही धरायचं."

नाही धरलं तर बाबा झोपेतच गेले. त्यांनी कुणाला हाक मारली नाही, आणि तिचं काही चुकलं नाही. धरलं तर ते जागे झाले, तिचं नाव घेतलं, आणि त्या वेळी ती इथे, या भिंतीपलीकडे, केस धूत होती. पण 'गाडी हाणते' हे काकांना सुचण्यातलं नव्हतं. कॉर्निशच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर शेजारी बसून, डॅशबोर्डला हात लावून, ते बाबाच म्हणायचे.

तिने हात पुढे केला. काकांनी चेंडू तिच्या तळव्यावर ठेवला. तो त्यांच्या घामाने ओलसर झाला होता.

"धरा," ती म्हणाली. "बाबांचं मत कूफॅक्सला."

चेंडू तिने परत दिला नाही. तो तिच्या हातात होता तोवर दोघांपैकी कुणालाही बोलता येणार नव्हतं. ती तो घट्ट धरून बसली. कपांतल्या चहावर साय धरली.