जावयाचा रुसवा

पुंडलिकरावांनी बायकोच्या भाचीच्या लग्नाच्या मांडवात पाय ठेवायच्या आधीच गोळ्या गिळल्या, आणि त्याही दोन. इंदूबाईंचं लक्ष गेलं तेव्हा पाण्याचा शेवटचा घोट घशाखाली उतरत होता.

"अहो, दोन काहून घेतल्या?"

"पंगतीत बुंदी हाये, जिलबी हाये. गोड जास्त तर गोळी जास्त. साधा हिशोब."

हा हिशोब त्यांना कोणी शिकवला, देव जाणे. यवतमाळच्या डॉक्टरांनी तर इंदूबाईंच्या देखत बजावलं होतं, की या गोळीला तुमची जिलबी कळत नाही, ती रक्तातली साखर खाली ओढते एवढंच. म्हणून एकच घ्यायची, आणि घेतली की जेवायला बसायचं. पुंडलिकरावांनी तिथं मान डोलावली आणि घरी येऊन ते स्वतःच डॉक्टर झाले. वर बायकोला ताकीद, शुगरचं नाव चार लोकांत काढायचं नाही. कपाशीच्या एवढ्या शेताचा धनी, सासरी अजून 'मोठे जवाईबापू', त्याला कुठं रोग होतो होय?

बरं, जेवण तरी वेळेवर मिळावं! मुहूर्त टळला तरी बाभुळगावची वरात घाटंजीच्या चौकातच अडकलेली. डीजेवर पोरं नाचत होती, नवरदेव घोड्यावर वाळत होता, आणि लग्न लागल्याशिवाय पंगत बसणार नव्हती. इंदूबाईंनी आचाऱ्याकडे जाऊन एक ताट वाढून आणलं, तर नवरा खेकसला, "मी काय उपाशी मरून राह्यलो? लोकाईच्या आधी खाऊन हसं करून घेऊ?" झालं, ताट परत गेलं. तेच ताट त्यांच्या डोक्यात घालावं असं इंदूबाईंना वाटलं.

ऊन चढलं तसे पुंडलिकराव खुर्चीत बसल्या बसल्या चिडचिड करू लागले. कोणी पाणी दिलं तर ग्लास ढकलला, कोणी हात जोडले तर तोंड फिरवलं. कपाळावर घाम, हाताला कंप. आणि मांडवाला काय दिसलं? जावई रुसले! मग काय विचारता. टोपी हलकी दिली का, पत्रिकेत नाव खाली गेलं का, ज्याला त्याला तेवढंच सुचत होतं. इंदूबाईंचा धाकटा भाऊ किसनराव म्हणजे नवरीचा बाप. लेक खुशीचं कन्यादान होईपर्यंत त्याचा उपास. ओठ सुकलेला तो माणूस नवा शेला घेऊन धावत आला आणि त्यानं पुंडलिकरावांचे पाय धरले.

"भाऊजी, चुकलं असन तर माफ करा. पण पोरीच्या लग्नात रुसू नका."

"मले... कोन..." पुंडलिकरावांची जीभ जड झाली होती.

"अरे, रुसले नाही ते!" इंदूबाई ओरडल्या. "शेला कायले आणला? साखर आण, साखर!"

कोणी ऐकेल तर शपथ. जो तो अजून शेला कसा पांघरायचा तेच पाहत होता. नवऱ्याचा मान राखत बसलं तर नवराच हातचा जायचा, हे इंदूबाईंना लख्ख दिसलं. त्यांनी अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "शुगर हाये त्याईले! गोळ्या घेऊन उपाशी बसले, म्हणून साखर उतरली!"

धावत जाऊन त्यांनीच साखरपाणी करून आणलं, तर भावजय विजयमालानं मनगट धरलं. "वन्स, शुगर हाये म्हणता अन् साखर पाजता? मारता काय त्याईले?" चार बायकांनी लगेच माना हलवल्या. वर्षभर डबे लपवून ज्याला साखरेपासून दूर ठेवलं, त्याला आज साखर द्यायची तर साऱ्यांना अक्कल सुचली! इंदूबाईंनी हात हिसडला. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं.

"शुद्धीत हायेत, गिळता येते, तवरच देता येते हे. सर बाजूला!"

घोटाघोटानं पाणी पोटात गेलं. काही वेळानं हाताचा कंप थांबला, नजर ठिकाणावर आली. इंदूबाईंनी लगेच वरणभात मागवला आणि गाडी काढायला सांगितली. गोळीचा जोर पुष्कळ वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, तेव्हा दवाखाना गाठणं भागच होतं.

पुंडलिकरावांना नीट बोलता आलं तेव्हा ते म्हणाले, "चार लोकाईत इज्जत काढली माही."

इंदूबाईंना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

गर्दी पांगली. किसनराव मात्र शेला चुरगाळत तिथंच उभा होता.

"ताई, गोळी घेऊन उपाशी राह्यलं तर असंच होते काय?"

"होते. काहून?"

"मलेबी कसंतरी होऊन राह्यलं. वाटलं, उपासानं असन."

इंदूबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. ओलं आणि गार.

"तुले कवापासून शुगर?"

"मागं तपासणीच्या शिबिरात निघाली. खुशीची सोयरीक चालू होती. घराण्यात शुगर हाये म्हटलं असतं तर पोरीचं अडलं असतं, म्हणून बोललो नाही."

"अन् गोळ्या कोणत्या डॉक्टरच्या?"

किसनरावानं हळूच भाऊजींकडे पाहिलं. "त्याईच्याच पाकिटातल्या. त्याईनंच सांगतलं, गोडाचं जेवण असन त्या दिवशी दोन घ्यायच्या."

पुंडलिकराव खाली मान घालून वरणभात कालवत राहिले.

इंदूबाईंचा बोलून बोलून घसा बसला होता. त्यांनी आणखी साखरपाणी केलं आणि भावापुढं धरलं.

"कन्यादान होऊ दे, ताई. मंग पितो."

"कन्यादान कराले बाप जिता लागते," त्या म्हणाल्या, आणि धाकट्या भावाची हनुवटी धरून त्यांनी ग्लास त्याच्या तोंडाला लावला.

वरात वाजतगाजत दारात आली तेव्हा नवरीचा बाप गाडीची वाट पाहणाऱ्या भाऊजींच्या शेजारी बसून वरणभात खात होता. वऱ्हाडातल्या कोणीतरी विचारलंच, हे काय, उपास मोडला? इंदूबाईंनी त्याच्याकडे वळून खणखणीत आवाजात सांगितलं, "हो. शुगर हाये त्याले."