हनुवटीवर उतरलेली मिशी

घरात तिला आर्टिस्टबाई म्हणत. हे नाव आईने ठेवलं होतं आणि त्यात कौतुक चिमूटभरच होतं. "आर्टिस्टबाई, गॅस बंद करा", "आर्टिस्टबाई, तुमचा ब्रश माझ्या पातेल्यात पोहतोय", अशा वाक्यांतच ते वापरलं जाई. तिला स्वतःला मात्र नाव फार आवडायचं. टोमण्याचा सोयीचा अर्धा भाग तेवढा ऐकायची कला तिला कॉलेजात जाण्याआधीपासून अवगत होती.

चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्या वर्षी पाचशे स्केचेस करून आणायची होती. तिने आणली. सरांनी वह्या चाळल्या, पुन्हा चाळल्या आणि विचारलं, "तुमच्या गावात कुणाला तोंड नाही का?"

पाचशेपैकी चारशे दहा माणसं पाठमोरी होती. पाठीचं एक बरं असतं, ती वळून 'माझं नाक असं आहे का हो?' म्हणून विचारत नाही. उरलेली नव्वद झोपलेली होती.

दुसऱ्या वर्षी ड्रॉइंग आलं आणि तिची खोडरबरावर भक्ती जडली. एक रेघ काढायची, चार पुसायच्या. महिनाभरात कागदाला भोकं पडली. शेवटी सरांनी खोडरबर उचलून स्वतःच्या खिशात टाकलं. "चुकली रेघ तर राहू दे. शेजारी बरोबर काढ. बघणाऱ्याला दोन्ही कळू देत." त्या दिवशी ती घरी येऊन रडली. पुढे हात खरोखर सुधारला, पण हे तिने कुणाकडे बोलून दाखवलं नाही. श्रेय सरांच्या खिशाला द्यावं लागलं असतं.

तिसऱ्या वर्षी तैलरंग आले आणि गाडी रुतली. तैलरंगातल्या व्यक्तिचित्रात ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली तर नियमाप्रमाणे कॉलेजातून नाव कमी. तसं झालंच तर बाबांच्या टेलरिंगच्या दुकानात काज-बटणाला बसेन, असं तिनेच तावातावाने कबूल केलं होतं. बाबा बोललेलं विसरत नसत. गिऱ्हाइकांची मापं डोक्यात ठेवणारा माणूस, त्यात मुलीचं एक वाक्य कुठे जड?

परीक्षेच्या चित्रासाठी मॉडेल म्हणून तिने बाबांनाच बसवलं. म्हणजे ते बसलेलेच होते, शिलाई मशीनवर.

"मान हलवू नका, बाबा."

"मान नाही हलवली तर बाही सरळ जाईल का? तू तुझं कर, मी माझं करतो."

पहिल्या दिवशी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी रंग घेऊन तिने तासाभरात सगळी मांडणी केली. बाबा उठून आले, एक डोळा मिटून कॅनव्हासकडे बघत राहिले. "उजवा खांदा बरोबर घेतलास. पाऊण इंच खाली आहे माझा. कात्रीने ओढलाय."

तिथे थांबली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण थांबणं हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तिने सुधारणा हाती घेतल्या. खांदा वर उचलला. मिशी दाट केली. डोळ्यांखालच्या सुरकुत्या काढून टाकल्या. आणि थोर चित्रांना असते तशी चकाकी यावी म्हणून रंगात जवसाचं तेल घातलं, मग आणखी घातलं, मग प्रमाण मोजणंच सोडलं.

"एवढं तेल?" आई दुकानात डबा घेऊन आली होती. "यांना रंगवतेस की तळतेस?"

"आई, तुला तंत्रातलं कळत नाही."

"तळण्यातलं कळतं."

सोमवारी परीक्षा होती. शुक्रवारी सकाळी तिने दुकानात येऊन कॅनव्हासवरचं फडकं काढलं आणि मटकन खाली बसली. रंग वाळलाच नव्हता. उभ्या ठेवलेल्या कॅनव्हासवरून तो सावकाश घसरत आला होता. मिशी हनुवटीवर उतरली होती. डावा डोळा गालाशी बोलायला आला होता. कपाळाची चकाकी नाकाच्या शेंड्यावर थेंब धरून लोंबत होती.

आईने निरखून पाहिलं. "तुमच्या थोरल्या काकांसारखं दिसतंय."

"काकांना जाऊन सहा वर्षं झाली," बाबा म्हणाले.

"म्हणूनच म्हटलं."

तिने दातओठ खात चिंधी उचलली आणि चेहरा पुसायला गेली.

"चोळू नकोस!" बाबा मशीन सोडून धावले. "मशीनचं तेल कापडावर सांडलं की काय करतो आपण? चोळलं की डाग पसरतो. टिपायचं."

त्यांनी कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवला, कटिंगचा खाकी कागद पसरला आणि तळहाताने मधून कडेकडे दाबत नेला. कागद उचलला तेव्हा त्याच्या पोटाशी तीन आठवड्यांची थोर कला चिकटून आली होती. दुसरा कागद लावला, तिसरा लावला. खाली पहिल्या दिवसाची वाळलेली तपकिरी मांडणी उरली, वर इथेतिथे अडकलेला रंग. दमलेला, वाकडा, समोर बसून बाही शिवणारा माणूस.

मग तिचा हात शिवशिवला. "चष्म्यावर एक चमक फक्त..."

आईने ब्रश उचलून घरी नेले.

सोमवारी बाहेरून आलेले परीक्षक त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. "वा! काय संयम आहे. या वयात हात आवरणं सोपं नाही. ठरवून केलंस?"

मान डोलावली असती तर निकाल लागला होता. तिने डोलवायला सुरुवातही केली. पण समोर चित्रातले बाबा बघत होते. तिनेच काढलेल्या नजरेला ती घाबरली, हेही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"नाही सर. मी तेल ओतून वाट लावली होती. वडिलांनी कागद लावून टिपलं. ते टेलर आहेत."

सरांनी कपाळाला हात लावला. परीक्षकांनी पेनचं टोपण घातलं. "मग हे तुझं की त्यांचं?" ते म्हणाले. "एक तास देतो. माझ्यासमोर दुसरं कर."

कॉलेजचे शिपाईकाका दारात फाइल घेऊन उभे होते, त्यांनाच खुर्चीत बसवलं. तिने तपकिरी रंग पातळ केला. पहिल्या दोन रेघा चुकल्या. त्या राहू दिल्या, शेजारी बरोबर काढल्या. काकांचं ओघळलेलं तोंड, एका बाजूला कललेली मान, फाइल सोडायला तयार नसलेली बोटं. चाळीस मिनिटं झाली. आता कानांमागे सावली गडद करावी, केस जरा नीट करावेत, अशा थोर कल्पना एकामागून एक येऊन रांगेत उभ्या राहिल्या. तिने ब्रश टर्पेंटाइनच्या बरणीत टाकला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

"झालं?" काका उठून आले. बघतच राहिले. "ताई, एवढा दमलेला दिसतो मी?"

"हो, काका."

"जरा हसरं करा ना. घरी दाखवीन."

परीक्षक तिच्याकडेच बघत होते. अजून वीस मिनिटं होती. वीस मिनिटांत तिने आजवर भल्याभल्या चेहऱ्यांचं मातेरं केलं होतं.

"चाळीस मिनिटांत तुम्ही एकदाही हसला नाहीत, काका."

"अहो, तुम्हीच हलू नका म्हणालात!" काका एवढे खळखळून हसले की फाइलमधले कागद जमिनीवर सांडले. "हा घ्या, हसलो. काढा आता!"

"आता नाही," ती म्हणाली. "हे झालंय."

परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं, नोंदवहीत तिच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं आणि खाली वाकून काकांना कागद गोळा करू लागले.