'ठीक' लिहायची वही

"काच फुंकलीस? मग आता मोज. तोंडाने मोज, मनातल्या मनात नको. एक... दोन... आलं पाणी? आता जा, चहा पी."

हा आवाज मामांचा. तसे ते कुणाचेच मामा नव्हते. बॉयलरवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला सगळा कारखाना मामा म्हणायचा. मी तेव्हा बावीस वर्षांचा, हातात कोरी करकरीत पदवी. बॉयलरच्या पोटात पाणी किती, ते बाहेरच्या एका उभ्या काचनळीत दिसतं. दर पाळीला खालची चावी उघडून ती नळी रिकामी करायची, चावी बंद करायची आणि पाणी परत चढायला किती वेळ लागतो ते मोजायचं. झटकन आलं तर वाट मोकळी. रेंगाळत आलं तर वाटेत गाळ धरलाय, आणि काच दाखवते ते पाणी खरं नाही. आत ठणठणाट, बाहेर भरल्या घराचा देखावा. अशाच बॉयलरच्या चिंधड्या उडतात.

पुढे वीस वर्षं मी मोजत राहिलो. पहिल्या वर्गाचा परवाना मिळाला, हाताखाली चौदा माणसं आली. मग बायकोला घेऊन या देशात आलो आणि आजारी माणसांच्या चादरी धुवायला लागलो.

माझा परवाना इथे चालत नाही. नवा हवा तर परीक्षा. परीक्षेला बसायचं तर इथल्या बॉयलरवर सहा महिने काम केल्याचं मालकाचं पत्र. आणि परवाना नसलेल्याला बॉयलरजवळ कुणी फिरकू देत नाही. दीड वर्ष मी या चक्रात अर्ज करत फिरलो. नकार इतके गोड शब्दांत यायचे की वाचून मळमळायचं. 'आपल्या दीर्घ अनुभवाने आम्ही प्रभावित झालो आहोत.' झालात ना? मग घ्या की!

शेवटी ही धुलाई मिळाली. इस्पितळांच्या चादरी गाठोड्यांनी येतात. गाठ सोडली की भपकारा. रक्त, पू, सांडलेलं सूप, गळलेले केस. कुणी कुठल्या कुशीवर रात्र काढली, कुणाचा घाम कुठे जिरला, सगळं त्या कापडावर उमटलेलं असतं. आधी आधी जीव गलबलायचा. आता नुसती शिसारी येते, आणि शिसारी येते म्हणून स्वतःचीच लाज वाटते.

माझ्या शेजारी दातवाली काम करते. तिच्या देशात तिचा स्वतःचा दातांचा दवाखाना होता. एकदा चादरीच्या घडीतून कवळी निघाली. तिने ती दोन बोटांत धरली, उजेडाकडे नेली आणि म्हणाली, "आला बाई एकदाचा पेशंट! पण बाकीचा कुठे राहिला?" आम्ही इतके हसलो, की मला मोरीकडे पळावं लागलं.

मॅनेजरचं नाव आम्ही हसरा ठेवलंय. त्याचे ओठ हसतात, डोळ्यांना त्याचा पत्ता नसतो. मला बॉयलर कळतो हे त्याच्या कानावर गेलं तेव्हा त्याने मला खांद्यावर हात टाकून बाजूला घेतलं.

"आमचा परवानावाला महिन्यातून एकदा येतो. तू रोज सकाळी तासभर आधी ये, बॉयलर बघ. वहीत नाव त्याचंच राहील. सहा महिने भरले की पत्र देतो."

त्याच्या हाताचा घाम शर्टातून लागला. मी हो म्हणालो.

परवानावाल्याने वहीत रोजच्या ओळीला एकच शब्द लिहिला होता : ठीक. माझ्याने ते होईना. हाताला लागलेलं वळण, मी आपला सेकंद मांडत गेलो. दोन. दोन. तीन. पाचव्या महिन्यात पाच. शेवटच्या आठवड्यात नऊ. मी हसऱ्याला म्हणालो, "एक दिवस बॉयलर बंद ठेवा, वाट साफ करू." तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात. इस्पितळं काय चादरीवाचून राहतील?"

सहा महिने भरले आणि तपासणीची तारीख आली. हसऱ्याने वही उघडली आणि आकडे बघून त्याचं हसू पहिल्यांदा मावळलं.

"हे काय? तुला ठीक लिहिता येत नाही?"

त्याने कोरी वही पुढे केली. सहा महिने, दिवसाला एक ओळ, सगळं ठीक. मग खणातून माझं पत्र काढून दाखवलं. टाईप केलेलं, फक्त सही बाकी. "उद्या तपासणी झाली की हे तुझं."

वही घरी आणली. खोलीत एकच टेबल. बायकोने ताटं उचलून जागा करून दिली. ती तिकडे शाळेत शिकवायची. पाच ओळी झाल्यावर ती माझ्या खांद्यावरून डोकावली.

"अहो, एकाच पेनाने काय लिहिताय? कुणीही ओळखेल. आठ-दहा दिवसांनी पेन बदला. मध्येच एखादं अक्षर घाईत काढा."

"तुला बरं सुचतं!"

"इतकी वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या, कशा करतात ते मला नाही कळणार?" ती हसली आणि मध्येच थांबली. उठून साबणाने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. "शी! आपण काय करतोय हो?"

मी लिहीत राहिलो.

"धोक्याचं काही नाही ना त्यात?"

"नाही," मी म्हणालो.

"मग लिहा. पत्र मिळू दे, मग सगळ्यावर थुंकून मोकळे होऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी निरीक्षकबाई आल्या. सर्दीने बेजार, एका हातात रुमाल. चाव्या दाखवायला हसऱ्याने मला बॉयलरपाशी उभं केलं होतं. बाईंनी काचेकडे पाहिलं. पाणी छान वरपर्यंत दिसत होतं. काच फुंका, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. हसऱ्याने बिस्किटांची बशी पुढे केली. सही झालेलं पत्र त्याच्या वरच्या खिशात होतं. माझ्याकडे बघत त्याने खिशावर दोनदा टिचकी मारली, कुत्र्याला हाडूक दाखवावं तशी. भिंतीपलीकडे दातवाली चादरींच्या घड्या घालता घालता तिच्या भाषेतलं काहीतरी गुणगुणत होती.

बाई पानं उलटत शेवटच्या ओळीपाशी आल्या.

"अक्षर सुरेख आहे हो. कुणाचं?"

"आमच्या परवानावाल्याचं. फार चोख माणूस."

"आणि हे?"

"हे? चादरी धुतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पेनचं टोपण काढलं. माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. ते मी गिळलं.

"बाई, सही करू नका," मी म्हणालो. "अक्षर माझं आहे. अख्खी वही काल संध्याकाळी घरी बसून लिहिली. ही काच खोटं पाणी दाखवतेय. आधी आग बंद करा, आणि भिंतीपलीकडच्या बायकांना बाहेर काढा."