मालसूनची पाठ

पाण्यातल्या व्यायामाच्या माझ्या वर्गात, गरम तलावात, अकरा माणसं होती. नऊ बायका, दोन पुरुष. पाणी छातीपर्यंत, तापमान तेहतीस अंश. काठावर फोमचे सहा दांडे, एक घड्याळ आणि माझी फूटपट्टी. अकरापैकी दहा जण तोंडानं श्वास सोडत चालत होते. बू मालसून ओठ घट्ट मिटून चालत होती.

आमच्या जेजू बेटावर तिच्यासारख्या बायका नळी न लावता बुडी मारून शंख-शिंपले काढतात. त्यासाठी कमरेला शिशाचा पट्टा बांधावा लागतो. चाळीस वर्षांनी मालसूनची कंबर धरली. पाणबुड्या बायकांच्या म्होरकीनं तिला हंगामाआधी वाकून दाखवायला सांगितलं होतं. आकडा डॉक्टरांचा होता: गुडघे न वाकवता बोटं जमिनीपासून पंधरा सेंटिमीटरवर किंवा त्याहून खाली यायला हवीत. आली तर खोल पाणी. नाहीतर ‘आज्यांचा समुद्र’, म्हणजे थकलेल्या बायकांसाठी गावानं राखून ठेवलेला किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा. पहिल्या मोजणीत तिचं अंतर एकतीस भरलं.

दोन आठवडे झाले तरी पाठ फळीसारखीच राहिली. मी पाण्याखाली तिच्या पाठीवर हात ठेवून बरोबर चालले, तेव्हा कळलं: ती या काठाला श्वास घेत होती आणि त्या काठाला सोडत होती. श्वास रोखून धरता का, असं तिला विचारलं तर ती नाही म्हणाली, आणि तिच्यापुरतं ते खरंच होतं. छातीला पाणी लागलं की तिचा श्वास आपोआप रोखला जायचा. त्यानं पोट आणि पाठ आवळली जायची. बाकीच्यांना सैल करणारं पाणी तिला ताठ करत होतं.

बुडीनंतर वर आल्यावर त्या बायका शीळ घालत श्वास सोडतात. तशी शीळ घालायला मी सुचवलं. खाली गेलेच नाही तर वर येऊन शीळ कसली घालू, असं तिचं म्हणणं. मोठ्यानं आकडे मोजायला सांगितलं, तर ती मनात मोजायची.

मग तिची नणंद कांग तेसून गुडघ्यांसाठी येऊ लागली. ती तीन वर्षांपूर्वीच आज्यांच्या समुद्रात गेलेली. मी दोघींना शेजारी शेजारी चालवलं.

“वहिनी, आमच्याकडे यायची तयारी ठेव,” तेसून म्हणाली. “पाणी मांडीएवढं, आणि गप्पा भरपूर.”

“वन्सं, तुम्ही आहात म्हणूनच मला तिकडं यायचं नाही.”

“मग निदान माझा शंखांचा खडक तरी सोड.”

“तुमचा? नाव कोरलंय का त्यावर?”

भांडण त्या काठापर्यंत गेलं आणि परत आलं. माझ्या हाताखाली पाठीचे स्नायू मऊ झाले होते.

मी दोघींना एकच वेळ दिली. खडकानंतर सासूची चांदीची अंगठी निघाली, मग श्राद्धाला करपलेला मासा. शुक्रवारी तेसून यायची नाही आणि शुक्रवारी पाठ पुन्हा आवळलेली असायची. पाचव्या आठवड्यात मालसून कठडा न धरता तलावाबाहेर येऊ लागली. रात्री कुशीवर झोप लागते, असंही तिनं सांगितलं.

हंगामाच्या आदल्या दिवशी म्होरकी आली. तेसूनही आली होती. मालसून कोरड्या फरशीवर पाय जुळवून उभी राहिली.

“श्वास सोडा, मावशी,” मी म्हटलं.

ती वाकली. गुडघे सरळ होते. मी फूटपट्टी टेकवली आणि आकडा मोठ्यानं वाचला.

अठरा सेंटिमीटर. तीन जास्त, म्हणजे आज्यांचा समुद्र.